दोघांचा मिळून एक नंबर

सिंगापुरातल्या मराठी बौद्ध मंडळींची एक बॅग आहे. निळी, चार चाकांची, विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर सोडतात तसली. आत बुद्धाची पितळी मूर्ती जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, बाबासाहेबांची फ्रेम, एक पांढरी चादर, मेणबत्तीचे दोन स्टँड आणि वंदनेच्या पुस्तिकांचा गठ्ठा. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी वंदना होते. वंदना झाली, जेवणं झाली, की त्या घराने बॅग पुढच्या घराच्या हवाली करायची. पुढच्यांनी ती एमआरटीने म्हणजे मेट्रोने, बसने, जमेल तशी ओढत न्यायची. ज्याच्याकडे बॅग, त्याचा पुढचा नंबर. मग महिनाभर ती त्यांच्या दाराशी उभी असते, आणि घरातली माणसं तिच्यावर छत्र्या आणि पोरांची दप्तरं टाकतात.

ललिता रामटेकेला या बॅगेची एक गोष्ट पहिल्यापासून खटकायची. ती एकट्या माणसाकडे कधी जात नसे. तसा नियम कुणी केलेला नव्हता. एकटी माणसं भाड्याच्या खोलीत राहणार, घरमालक कटकट करणार, तीस माणसं बसवणार कुठे, असा साधा व्यवहार होता. एकट्यांनी यायचं, जेवायचं, भांडी विसळायला हात लावायचा आणि जाताना उरलेला भात डब्यात न्यायचा. लग्न झालं की नंबर लागायचा. ललिता पीएच.डी. होती, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनात तिचं नाव होतं, पण नंबर नव्हता.

ती २०१० साली पिंपरीहून आली. वडील कारखान्यात फिटर होते, आई अंगणवाडीत. घरात बोलणं सरळ, त्यामुळे ललिताचंही सरळ. ऑफिसात दुसरे भारतीय भेटले की दहाव्या मिनिटाला विचारायचे, "रामटेके म्हणजे कुठले?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती म्हणायची, "पिंपरीचे." वंदनेला आलेल्या तीस माणसांत हा प्रश्न कुणी विचारत नसे. 'जय भीम' म्हणून चप्पल काढली की विषय संपला. परदेशात तिच्यासाठी घर म्हणजे तेवढंच होतं, महिन्यातून एक रविवार.

या सगळ्याची सूत्रं विनीताताईंकडे. बँकेतून निवृत्त झालेल्या, वीस वर्षांपासून सिंगापुरात, आवाज असा की माइक लागत नाही. शेवटची गाथा झाली की जेवणाआधी त्या विचारतात, "कुणाची काही आनंदाची बातमी?" ज्याची असेल त्याने उभं राहून सांगायची. मग ज्याच्या घरी वंदना असेल त्या यजमानाने पहिल्यांदा 'साधू', म्हणजे 'उत्तम झालं', असं म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून, तीनदा. प्रमोशन झालं, साधू. कायम राहायचा पीआर मिळाला, साधू. कुणाच्या पोराला पोहता येऊ लागलं तेव्हाही साधू झालं होतं.

२०१२च्या फेब्रुवारीत प्रफुल्ल वासनिक उभा राहिला. आयटीतला, देखणा, बोलण्यात गोड. म्हणाला, "ललिता आणि मी डिसेंबरमध्ये लग्न करतोय." साधूचा असा गजर झाला की शेजारच्या चिनी आजीने दार उघडून पाहिलं. ललिता लाजली नाही, तिला लाजता येत नव्हतं. पण ती इतकी हसत होती की विनीताताईंनी तिला नंतर म्हटलं, "पुरे, गाल दुखतील." डिसेंबरनंतर आपलाही नंबर लागणार, हे ललिताच्या डोक्यात त्याच क्षणी येऊन गेलं होतं.

ऑगस्टात प्रफुल्ल सुट्टीवरून परत आला आणि त्याने तिला खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं. टेबल अडवायला टिश्यूचं पाकीट ठेवलं, तिच्यासाठी चहा आणला, स्वतःसाठी कॉफी.

"आईने नागपूरची एक मुलगी दाखवली," तो म्हणाला. "मी नाही म्हणायलाच गेलो होतो."

"मग?"

"मग... आवडली."

निदान खोटं बोलला असता, आईवर ढकललं असतं, तर ललिताला दोन शिव्या घालता आल्या असत्या. खऱ्यापुढे तिचा इलाज चालेना. तिने चहा संपवला, कारण चहा टाकून द्यायची तिला सवय नव्हती. मग म्हणाली, "हे सगळ्यांना तू सांगशील. बातमी तू सांगितली होतीस."

"हो, सांगतो ना," प्रफुल्ल म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. तो वंदनेला यायचाच बंद झाला. सप्टेंबरच्या वंदनेत विनीताताईंनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाची काही आनंदाची बातमी?" मोडलेल्या बातमीची त्या प्रश्नात काही सोयच नव्हती. बातमी द्यायची रीत होती, परत घ्यायची नव्हती. ललिता मान खाली घालून बसून राहिली.

मग तिने एकेकाला सांगितलं. कुणाला स्वयंपाकघरात, कुणाला लिफ्टमध्ये, कुणाला बसस्टॉपवर. आधी समोरची विचारायची, "साडी घेतलीस का गं? पांढऱ्यात काय सुंदर पैठण्या आल्यात." मग ललिता सांगायची. मग ती हात धरून म्हणायची, "जाऊ दे, झालं ते बऱ्यासाठीच." प्रफुल्लने लग्न एकदा मोडलं, पण ललिताला ते घरोघरी मोडावं लागलं. आणि एवढं करूनही कुणीतरी सुटायचंच. पुढे दोन वर्षांनी वेसाक डेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, एका बाईने तिला प्रेमाने विचारलं, "तुमचे मिस्टर नाही आले?"

नव्या वर्षात प्रफुल्ल परत यायला लागला, बायकोला घेऊन. भावना नाव तिचं. भावना चांगली निघाली, हा ललितावर झालेला शेवटचा अन्याय. तोंडावर गोड आणि पाठीमागे वाकडी असती तर किती सोपं झालं असतं. पहिल्याच दिवशी ती स्वयंपाकघरात ललिताजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला माहीत आहे सगळं. तुमच्याशी काय बोलावं तेच कळत नाही."

"काही बोलू नकोस," ललिता म्हणाली. "ते पातेलं धर त्या बाजूने."

पुढे प्रफुल्ल-भावनाने फ्लॅट घेतला तो पुंगोलमध्ये, जिथे ललिता खोली भाड्याने घेऊन राहत होती. आता एलआरटीच्या, म्हणजे छोट्या मेट्रोच्या डब्यात कधीकधी गाठ पडायची. प्रफुल्ल मोबाइलमध्ये डोकं घालायचा. भावना मात्र बाबागाडी वळवून घ्यायची आणि बाळाला सांगायची, "मावशी बघ, मावशी." ललिता बाळाचा पाय धरून हलवायची. बाळाचा काय दोष? वर्षातून एकदा त्यांच्या घरी वंदना असायची. त्या महिन्यात ललिताला लॅबमध्ये काम निघायचं. दरवर्षी त्याच महिन्यात काम निघतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही, एवढं त्या माणसांचं तिच्यावर प्रेम होतं.

याच मंडळींत सुरेश गजभिये होता. मूळचा कल्याणचा, जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग तपासणारा इंजिनिअर, राहायला वुडलँड्सला. २०१३ साली त्याची बायको उज्ज्वला कॅन्सरने गेली. मागे सहा वर्षांची जाई. तेव्हा महिनाभर त्या घरात चूल पेटली नाही, पेटू दिली नाही. पुंगोलहून, जुराँगहून, पार बेडोकहून रोज कुणी ना कुणी डबा घेऊन जायचं. ललितानेही दोनदा नेला होता. दार उघडून डबा घेताना सुरेश फक्त म्हणायचा, "आत या ना." कुणी आत जात नसे. आत जाऊन बोलणार काय?

बायको गेल्यावर सुरेशचा नंबरही गेला. कुणी काढला नाही, नुसता पुढे सरकत सरकत नाहीसा झाला. तीन खोल्यांचं घर होतं, पण स्वयंपाक कोण करणार?

२०१६ साली मात्र पंचाईत झाली. चार कुटुंबं एका वर्षात निघून गेली. कुणाचा नोकरीचा पास वाढला नाही, कुणाची बदली झाली. वर्षाचे बारा महिने भरेनात. विनीताताईंनी वंदनेनंतर सगळ्यांकडे नजर फिरवली आणि बँकेत हिशेब जुळवावा तसं जुळवलं.

"सुरेश, तुमच्याकडे जागा आहे, स्वयंपाक नाही. ललिता, तुला स्वयंपाक येतो, जागा नाही. तुमचा दोघांचा मिळून एक नंबर. मे महिना घ्या."

कुणी हसलं नाही. कुणाच्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. विनीताताईंच्या तर नाहीच. पुढे त्या सगळ्याचं श्रेय घेत फिरल्या ती गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी त्यांना फक्त मे महिना भरायचा होता. आणि मे म्हणजे बुद्धपौर्णिमा, वर्षातली सगळ्यात मोठी वंदना. खीर आलीच.

ललिताच्या घरमालकीणबाई मिसेस टॅन खोली देतानाच म्हणाल्या होत्या, "लाइट कुकिंग ओन्ली." त्यांच्या मते लाइट म्हणजे अंडं उकडणं. तेव्हा सगळा स्वयंपाक वुडलँड्सलाच. आदल्या दिवशी ललिता आणि सुरेश लिटिल इंडियात गेले. तांदूळ, वेलची, काजू, मोगऱ्याच्या माळा, मूर्तीपुढे ठेवायला कमळं. सुरेश पिशव्या उचलायचा आणि काही बोलायचा नाही. बोलला ते एकदाच, कमळवाल्याशी, की उद्यापर्यंत टिकतील ना, आणि टिकतील म्हटल्यावर त्याने प्रत्येक कळी उलटून देठ तपासला. माणूस वेल्डिंग तपासतो ते कळत होतं.

घरी आल्यावर त्याने हॉलमध्ये पिवळी टेप चिकटवून माणसांच्या बसायच्या रांगा आखल्या. मेणबत्त्यांभोवती वेगळा चौकोन. शेजारी अग्निशामक सिलिंडर.

"हे काय, सुरेशदादा?" ललिताने विचारलं. "वंदना आहे का जहाज?"

"तीस माणसं आणि दोन ज्योती आहेत, ललिताताई," तो गंभीरपणे म्हणाला.

भिंतीवर उज्ज्वलाचा फोटो होता, नेमका तिथे, जिथे मूर्तीचं टेबल मांडायचं होतं. सुरेश फोटोसमोर जाऊन उभा राहिला. हात वर केला, खाली घेतला.

"हा काढू का?" त्याने विचारलं. "सगळ्यांना पुन्हा आठवण नको. चांगला दिवस आहे."

"राहू दे," ललिता म्हणाली. "घर त्यांचं आहे. आपण टेबल दोन फूट सरकवू."

टेबल सरकवलं. टेपचे सगळे चौकोन पुन्हा काढावे लागले, आणि सुरेशने ते तक्रार न करता काढले.

दुसऱ्या दिवशी खीर लागली. एवढ्या मोठ्या पातेल्यात ललिताने पूर्वी कधी खीर केली नव्हती. वंदनेच्या वेळी आत गॅस मंद ठेवून ती बाहेर गाथा म्हणत बसली, आणि तिसऱ्या गाथेला करपल्याचा वास हॉलभर झाला. सगळ्यांनी डोळे मिटूनच ओळखलं. वाढताना ललिताचा चेहरा पाहवत नव्हता. जाईने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "आंटी, बर्न्ट ऑलरेडी लाह." सुरेशने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. मग तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "मला लागलेली खीरच आवडते," आणि सगळ्यांदेखत तीन वाट्या प्यायला.

त्याला खीर मुळात आवडतच नाही हे ललिताला पुढच्या वर्षी कळलं. दूध घातलेलं काहीच आवडत नाही. जाईनेच सांगितलं.

एका मे महिन्यात काही होत नाही. पण नंबर वर्षातून दोनदा यायला लागला, आणि नंबर म्हटला की भेटणं आलं. चादर धुवायची, बॅगेचं चाक तुटलं ते बसवायचं. चाक सुरेशने यार्डात नेऊन असं पक्कं करून आणलं की बॅग झिजेल पण ते चाक झिजणार नाही. मग जाईची गणितं. मग कधी नुसतंच, या बाजूला आले होते म्हणून, पुंगोलहून वुडलँड्सला. या बाजूला कुणी सहज येत नाही, तास जातो.

२०१७च्या सुमारास सुरेशने तिला 'ताई' म्हणणं सोडलं. पण दुसरं काही म्हणायचं धाडस होईना. 'ललिता' म्हणायला जीभ वळेना, 'मॅडम' म्हटलं तर ती भडकली असती. मग हा पन्नास वर्षांकडे झुकलेला माणूस चार-पाच महिने तिला कशानेच हाक मारत नव्हता. समोर येऊन उभा राहायचा आणि ती बघेपर्यंत थांबायचा. ललिताला हे कळत होतं. 'दादा' तिनेही बंद केलंच होतं. जाईला तर दोघांच्याही आधी कळलं होतं. एकदा गणित करता करता वर न बघता म्हणाली, "पापा लाइक यू, आंटी. एव्हरीबडी नो ऑलरेडी."

"एव्हरीबडी म्हणजे कोण?" ललिताने घाबरून विचारलं.

"मी," जाई म्हणाली.

ललितालाही तो आवडत होता. आवडत होता म्हणजे रविवार संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलं की तिला पुंगोलला जायचं नसायचं. तो गप्प बसला तरी शेजारी बसावंसं वाटायचं. पस्तिशीनंतर असं काही होईल असं तिने धरलंच नव्हतं, आणि झालं तेव्हा तिला आनंदाआधी भीती वाटली.

२०१८च्या मेमध्ये, वंदनेची आवराआवर झाल्यावर, सुरेश तिला वुडलँड्सच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. समोर खाडी, पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती, डावीकडे पुलावर ट्रकांची रांग. तो कठड्याला टेकून म्हणाला, "ललिता." बस, हाक मारली. मग म्हणाला, "लग्न करू या का आपण?"

"करू या," ललिता म्हणाली. इतक्या पटकन, की दोघंही दचकले. "पण कुणाला सांगायचं नाही. रजिस्टर करू. कधी ना कधी कळेलच लोकांना."

सुरेश कठड्यावरून सरळ झाला.

"तसं नाही जमणार मला," तो म्हणाला. "उज्ज्वला गेली तेव्हा या लोकांनी महिनाभर जेवू घातलं आम्हाला. कुणाच्या डब्यात काय होतं ते अजून आठवतं. तुझ्या डब्यात वांगं होतं. त्यांच्यापासून लपवून मी लग्न नाही करणार. त्यांनी साधू म्हटलं पाहिजे."

"म्हटलं होतं त्यांनी. एकदा."

"माहीत आहे."

"तुम्हाला नाही माहीत. तुम्ही मोडलेलं लग्न घरोघर सांगत फिरला नाहीत. सांगितलेलं परत घेता येत नाही तिथे. उद्या काही झालं तर मी पुन्हा लिफ्टमध्ये उभी राहून..." तिने डोळे पुसले. तिला स्वतःचाच राग आला, सहा वर्षांनी रडायचं म्हणजे काय.

"मी थांबतो," सुरेश म्हणाला. "कितीही थांबतो. तू सांगशील तेव्हा. तुझ्याआधी मी तोंड उघडणार नाही. पण लपवणार नाही."

दोन्ही गोष्टी तो खऱ्या करणार हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आता सगळं तिच्यावर आलं. तिने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, नाहीतर हा माणूस असाच देठ तपासत शेजारी उभा राहणार आणि दोघं म्हातारे होणार. जून गेला, जुलै गेला. दर महिन्याला विनीताताई विचारायच्या, "कुणाची काही आनंदाची बातमी?" आणि दर महिन्याला ललिता चादरीवरची फुलं बघत बसायची. सुरेशने तिच्याकडे कधी वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला रागावता तरी आलं असतं.

डिसेंबरची वंदना प्रफुल्लच्या घरी होती. डिसेंबरात पुढच्या वर्षाचे नंबर ठरतात. आदल्या आठवड्यात ग्रुपवर विनीताताईंचा मेसेज आला होता, की नवीन सहा कुटुंबं आली आहेत, आता जोडून नंबर करायची गरज नाही, एकट्यांना सक्ती नाही. चांगल्या मनाने लिहिलं होतं. ललिताने मेसेज वाचला, मग पुन्हा वाचला. मिसेस टॅनच्या स्वयंपाकघरात अंडं उकडत होतं. तिने गॅस बंद केला आणि त्या रविवारी लॅबमध्ये काम नाही असं ठरवून टाकलं.

प्रफुल्लच्या दारात ती पहिल्यांदाच उभी राहिली. दार भावनाने उघडलं. तिला बघून भावनाने दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "ताई, आत या," आणि चपलांच्या ढिगातून तिच्या चपलांना स्वतः जागा करून दिली. सुरेश आणि जाई आधीच आले होते. ललिताला पाहून सुरेशने वंदनेची पुस्तिका उलटी धरली.

वंदना झाली. शेवटची गाथा झाली. विनीताताईंनी विचारलं. एका नव्या जोडप्याने बाळ होणार असल्याचं सांगितलं, प्रफुल्लने यजमान म्हणून पहिलं साधू म्हटलं, मागून सगळ्यांनी. मग विनीताताईंनी चष्मा लावला. "आता नंबर घेऊ. जानेवारी मेश्राम. फेब्रुवारी..."

"माझी बातमी राहिली," ललिता म्हणाली.

ती उभी राहिली. तिने सोफ्याच्या पाठीला हात टेकला.

"आधी एक जुनी. २०१२च्या फेब्रुवारीत माझं लग्न ठरल्याचं इथे सांगितलं होतं. तुम्ही सगळे साधू म्हणाला होतात. ते मोडलं, हे इथे कुणी सांगितलं नाही. मी एकेकाला सांगितलं, सगळ्यांना मिळून कधीच नाही. ते आज सांगते. ते मोडलं. त्याबद्दल आता कुणाशी काही भांडण नाही, पण सांगायचं राहिलं होतं."

प्रफुल्ल खाली बघत होता. नव्या कुटुंबांना काहीच कळत नव्हतं आणि तेही खाली बघत होते.

"आता नवी. सुरेश आणि मी लग्न करतोय. मार्चमध्ये. मार्चचं त्यांना अजून माहीत नाही."

सगळ्यांचे डोळे आधी सुरेशकडे गेले. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो पुसतही नव्हता. मग सगळे प्रफुल्लकडे वळले. यजमानाने पहिलं साधू म्हणायचं. प्रफुल्लने तोंड उघडलं. आवाज फुटेना. घसा खाकरला, पुन्हा उघडलं. सव्वासहा वर्षांपूर्वी जे बोलायचं त्याने टाळलं होतं, ते त्याच्याच घरात, त्याच्याच देखत बोलून झालं होतं, आणि आता त्याच्याकडे म्हणायला एकच शब्द उरला होता.

"साधू!"

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. हातात भातवाढणी, तशीच, भावना उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ललिताकडे बघून तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "साधू!" आणि मग हॉल उठला. विनीताताई चष्मा हातात घेऊन, नवी कुटुंबं न कळता, जाई सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत. तिसऱ्या साधूला प्रफुल्लचाही आवाज त्यात होता. ललिताने तो ओळखला.

जेवण झाल्यावर विनीताताईंनी जानेवारीचे मेश्राम फेब्रुवारीत ढकलले. म्हणाल्या, "जानेवारी सुरेश-ललिता. एक घर, एक नंबर. मी मेमध्येच म्हणणार होते." कोणत्या वर्षीच्या मेमध्ये ते त्यांनी सांगितलं नाही.

बॅग यजमानाने हवाली करायची असते. प्रफुल्ल ती ओढत लिफ्टपर्यंत घेऊन आला. सुरेश आणि जाई उरलेल्या भाताचा डबा घ्यायला मागे थांबले होते, तेव्हा लिफ्टसमोर दोघंच होते.

"ललिता," प्रफुल्ल म्हणाला, "तेव्हा मी सांगायला हवं होतं."

"हो," ललिता म्हणाली. "हवं होतं."

तिने त्याच्या हातातून बॅग घेतली. सुरेश आणि जाई डबा घेऊन धावत आले, चौघांनी एकमेकांना जय भीम म्हटलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. खाली आल्यावर सुरेशने बॅगेला हात घातला, पण ललिताने दिली नाही. स्टेशनपर्यंत ती तिने स्वतः ओढत नेली.